देवाऐवजी आई

४ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. साष्टांग घालायला गुडघे राजी नाहीत, तेव्हा उभ्यानेच घे. पत्र फाडायचं असेल तर निदान वाचून फाड. फोन तू उचलत नाहीस, हॉस्पिटलच्या दारातून तू मला परत पाठवलंस, आणि घरी पाऊल टाकायचं नाही असा तुझा हुकूम. राहिलं काय, तर पत्र. शाळेत निबंधात मी जेमतेम पास व्हायचे हे तुला आठवत असेलच, तेव्हा सांभाळून घे.

कामाचं आधी सांगते. मला आईला भेटायचंय. तिचा हात माझ्या तोंडावरून एकदा फिरेल, एवढाच वेळ. बाकीचं सगळं पत्र म्हणजे त्याच्याभोवतीचं पाल्हाळ आहे.

वहिनीला रागावू नकोस. ती गच्चीत कपडे वाळत घालताना फोन करते आणि लागेल तेवढंच बोलते. तिच्याकडून कळलं की आईचं हाड जुळलं, वॉकर धरून ती खोलीच्या दारापर्यंत येते. पण जेवत नाही, आणि येईल-जाईल त्याला एकच विचारते, "ठमी वाचली का?"

ठमी म्हणजे मी. तू माझं नाव घरात काढायचं नाही असं ठरवलंयस, म्हणून आठवण करून दिली.

त्या दुपारचं मी एकदाच लिहिते, म्हणजे तुझ्याकडे एक आणि माझ्याकडे एक अशा दोन कहाण्या नकोत. शेजारच्यांचा टीव्ही मोठ्याने चालू होता. त्यावर मी आवाज दिलेला भुताचा सिनेमा लागला होता. त्यातली पोरगी जंगलात पळते, पडते, आणि कुऱ्हाडवाला तिच्यापर्यंत पोचतो. तेव्हा ती किंचाळते, "आई! आई गं, ये ना!" काचबिंदूने डोळे गेल्यापासून आईचं सगळं कानांवर चालतं. तिने माझा आवाज ओळखला. "आले गं, आले," म्हणत काठी न घेता उठली आणि उंबऱ्याला अडखळून पडली. तुझ्या मते तिला मी पाडलं. मी त्यावर अजून काहीच बोललेले नाही.

पुढचा पराक्रम मात्र तुझा. तू तिला समजावलंस की ती ठमी नव्हती, मशीनमधला आवाज होता. तिचा आवाज भरून ठेवतात आणि हवा तेव्हा वाजवतात. अगदी बरोबर सांगितलंस. आता मी फोन करून "आई, मी बोलतेय" म्हटलं की ती म्हणते, "हो बाई, मशीन आहे, मला सांगितलंय त्याने," आणि फोन वहिनीच्या हातात देते. प्रवचनात तासन् तास तू देवाविषयी बोलतोस, ते लोकांच्या डोक्यावरून जातं. नेमकी हीच गोष्ट तुला एवढी सोपी करून सांगता आली होय रे?

तिला वाटतं, मला कुणीतरी मारलंय आणि तुम्ही सगळे लपवताय. फोनवर पटणार नाही. मला समोर यायला हवं.

तुझी अट वहिनीने सांगितली. काम सोडायचं, आणि रविवारी तुझ्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर म्हणायचं की मी केलं ते पाप होतं. मग दार उघडं. मी विचार करतेय, खोटं नाही सांगत. पण मी "आई" असंच का किंचाळते, हे तू कधी विचारलं नाहीस. आज न विचारता सांगते.

आम्ही बाहेरचे सिनेमे आपल्या भाषेत आणतो. पडद्यावर बाई मरत असते, तिच्या तोंडात मी माझा आवाज घालते. तिकडच्या बायका मरताना बहुतेक देवालाच हाक मारतात, म्हणून आमचे संवाद लिहिणारेही सवयीने "देवा" लिहितात. माझ्या पहिल्याच सिनेमात पुढ्यात कागद आला, "देवा, वाचव मला!" मी तोंड उघडलं आणि तू आठवलास. लहानपणी मी एकदा तुझी दौत सांडून "देवाशप्पथ, मी नाही" म्हणाले होते. तू ओरडला नाहीस. कोपऱ्यात नेऊन एवढंच म्हणालास, "देवाचं नाव खोट्या कामाला वापरायचं नाही. खरंच लागेल तेव्हा चालणार नाही ते." बाकी तुझी शिकवण या कानाने ऐकली, त्या कानाने सोडली. ही मात्र डोक्यात बसली. मी म्हटलं, मी "आई" म्हणते. रेकॉर्डिंगवाले खूश झाले. पडद्यावरच्या बाईने आ वासलेला असतो, त्यात "आई"चा आ नेमका बसतो. "देवा" म्हणायला जीभ आधी दातांना लावावी लागते.

तेव्हापासून वीस-बावीस वर्षांत मी किती वेळा मेले, गणती नाही. पाण्यात बुडून, कुऱ्हाडीने, भिंतीतून आलेल्या हातांनी. एकदाही देवाचं नाव घेतलं नाही. तुझ्या शब्दासाठी घेतलं नाही.

आता तूच सांग, यात माझं चुकलं कुठे? टोमणा मारत नाहीये. खरंच कळत नाही म्हणून विचारतेय.

तुझी धाकटी


१३ फेब्रुवारी

दादा,

तुझं पाकीट आलं. हातात जाड लागलं, म्हटलं भावाने चार पानं लिहिली वाटतं! उघडलं तर तुझ्या प्रवचनाची छापील घडी, "करमणुकीतली हिंसा आणि भक्ताचं मन". मागच्या बाजूला पेनाने एक ओळ. अक्षर तुझं अजून सुरेख आहे.

प्रवचन वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा रागाने वाचलं होतं. भीती विकणं हा देवाविरुद्धचा व्यापार आहे, कारण देव भीती घालवायला असतो, असं तू म्हणतोस. वाक्य छान आहे. पण दादा, तू नरकाचं वर्णन किती रंगवून करतोस! वहिनीच सांगत होती, मागच्या महिन्यात उकळतं तेल आणि तापलेल्या सळ्या ऐकून पुढच्या रांगेतल्या दोन पोरांनी भोकाड पसरलं, त्यांना बाहेर न्यावं लागलं. लहानपणी आपणही ऐकायचो की असलं. मी घाबरून तुझं बोट धरायचे, आणि तुझंही बोट घामाने ओलं असायचं. माझ्या सिनेमाला निदान मध्यंतर असतं, आणि दारावर "लहान मुलांसाठी नाही" अशी पाटी असते.

रागावलास? रागाव. पण मी विनोद करून सुटणार नाहीये, खरं उत्तर देते.

मारामारी दाखवली की पाप, असं मला वाटत नाही. मी बघते ते वेगळंच. मारताना कॅमेरा कुणाच्या बाजूला उभा आहे, ते. दोनेक वर्षांपूर्वी एक सिनेमा आला होता. त्यात एक माणूस बायकांना मारतो आणि दर वेळी जोरात गाणं वाजतं, लोकांनी शिट्ट्या माराव्यात म्हणून. रेकॉर्डिंगचा दिग्दर्शक मला म्हणाला, "बाई, जरा मजा येईल असं किंचाळा." मी हेडफोन काढून ठेवला आणि घरी आले. त्या बायकांच्या बाजूने सबंध सिनेमात कुणीही नव्हतं, मीसुद्धा असणार नव्हते. चांगला भीतीचा सिनेमा तसा नसतो रे. त्यात मरणाऱ्या बाईसाठी अख्खं थिएटर श्वास धरून बसतं. अनोळखी माणसं तिने सुटावं म्हणून खुर्चीचे हात घट्ट पकडतात. मला तर ती एक प्रकारची प्रार्थनाच वाटते. तुला हे ऐकून संताप येईल, पण वाटतं ते लिहिते.

आता तुझी पेनाची ओळ. "खोटी हाक मारत राहिलीस, तर खरी हाक कुणाला कळणार?"

छापील घडी मला लागली नाही. ही ओळ लागली. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण दोघांनी एकाच पुस्तकातून वाचली, त्यातला पोरगा मी निघाले, असंच ना? मी दिवसभर ती ओळ घेऊन फिरले. भाजी चिरताना, बसमध्ये, दवाखान्यात. आईला तर खोटी हाकसुद्धा खरी वाटली, एवढंच मला कळलं. ती शहाणपणा करत बसली नाही, उठली.

तर माझं म्हणणं असं. काम मी सोडते. माझा गळा तसाही गेलाय, डॉक्टरने आत नळी घालून बघितलं, गाठी आहेत. किंचाळणं बंद केलं नाही तर बोलणं बंद होईल म्हणाला. हातातला एक सिनेमा तेवढा संपवते. पण "पाप होतं" हे मी म्हणणार नाही, कारण मला तसं वाटत नाही. देवाच्या हॉलमध्ये उभं राहून मनात नसलेलं कसं बोलू? तूच शिकवलंस ना?

अर्धी अट पुरी करते. अर्ध्यावर भागव. बाजारात भाजीवालासुद्धा एवढं करतो.

तुझी,
दौत सांडणारी


२५ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर नाही. वहिनी म्हणते, पत्र वाचून तू देवापुढे बराच वेळ बसलास आणि मग म्हणालास, "अर्ध्यावर पश्चात्ताप नसतो." ठीक आहे.

आज काम झालं नाही. दुसरं कुणी ऐकणारं नाही म्हणून तुला सांगते. घरात एक मी आणि एक गरम पाण्याची किटली. किटलीला सांगून झालं.

या शेवटच्या सिनेमाच्या रेकॉर्डिंगचा दिग्दर्शक पोरगेलासा आहे. कधी टोपी काढत नाही, म्हणून सगळे त्याला टोपी म्हणतात. तुला आवडला असता. काम सुरू करण्याआधी डोळे मिटून काहीतरी पुटपुटतो. मी एकदा विचारलं, असले सिनेमे करतोस आणि प्रार्थनाही करतोस, जमतं कसं? तर म्हणतो, "बाई, ज्याचा देवावर विश्वास नाही, त्याला भुताची भीती कशी घालणार? माझं सगळं गिऱ्हाईक भाविकच आहे." मी हसले, पण मनात म्हटलं, हे दादाला सांगितलं पाहिजे.

तर प्रसंग असा. एक म्हातारी स्वयंपाकघरात एकटी आहे, आणि मागून ते येतं. काय येतं ते विचारू नकोस, आम्हालाही शेवटपर्यंत दाखवत नाहीत. मी खोलीत गेले. ती खोली तू पाहिलेली नाहीस. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, दार लावलं की स्वतःचा श्वाससुद्धा मोठा वाटतो. पुढे काच, काचेपलीकडे टोपी आणि रेकॉर्डिंगवाले, वर पडदा. किंचाळी पोटातून काढायची असते, गळ्यातून काढली तर दोन दिवस आवाज बसतो. पाय रोवले, पोट आवळलं, म्हातारीने तोंड उघडलं तसं मीही उघडलं. आ निघाला. पुढचा ई निघाला नाही.

परत केलं. परत तसंच. टोपी काचेपलीकडून म्हणाला, "बाई, आ आला, आई कुठंय?" त्याला काय ठाऊक! मला समोर म्हातारी दिसतच नव्हती. आपली आई दिसत होती, पलंगावरून पाय खाली सोडणारी, "आले गं" म्हणणारी. मी हाक मारायची, आणि कुठल्याशा घरात टीव्ही लागायचा, आणि ती पुन्हा उठायची. नाही निघाला आवाज.

टोपी चांगला आहे. आत येऊन पाणी दिलं. म्हणाला, मूळ सिनेमात ती "देवा"च म्हणते, मग आपणही "देवा" ठेवू, सोपं आहे. मी म्हटलं, तेही नाही. तो म्हणाला, "मग हाक मारायची तरी कुणाला?" मी तशीच उठून घरी आले.

दादा, खरंच कुणाला मारायची रे? देवाला नाही, आईला नाही. तुला मारली तर तू पेनाने एक ओळ पाठवतोस.

आज फार थकलेय. गळाच नाही, सगळंच दमलंय. अट कमी कर म्हणत नाही, माझी बाजू घे म्हणत नाही. आई जेवली का, एवढं तरी कळव.


९ मार्च

दादा,

हे पत्र वाचून तू वहिनीवर चिडशील. चिडू नकोस. मीच तिच्या मागे लागले. परवा तू प्रवचनाला बाहेरगावी गेला होतास, तेव्हा मी घरी आले होते.

दुपारी आले. पुढच्या दाराने येणं शक्य नव्हतं, हॉलमध्ये तुझ्याकडच्या बायका सतरंज्या झटकत होत्या. मागच्या जिन्याने, चपला हातात घेऊन आले, माझ्याच आईच्या घरात. वहिनीने आधी हात धुवायला लावले. आईला आता कसलीही लागण व्हायला नको, असं डॉक्टर म्हणालेत म्हणे. पाणी बर्फासारखं होतं.

आईची खोली तू स्वच्छ ठेवलीयस, तेवढं श्रेय देते. पलंगाला कठडा लावलायस, वॉकरच्या पायांना रबर, उंबरा तर काढूनच टाकलायस. ते बघून मला भरून आलं. कारागीर न बोलावता तूच ठोकून काढलास, असं वहिनी म्हणाली. हे तुला करता येतं, आणि माझ्यासाठी दार उघडता येत नाही?

आई जागी होती. खिडकीकडे तोंड करून बसली होती. वाळलीय रे. मी अगदी हळू म्हटलं, "आई." बाहेर बायका होत्या म्हणून हळू. तिने मान वळवली. मी तिच्या पायाशी बसले आणि तिचा हात माझ्या गालावर ठेवला. तिने कपाळ चाचपलं, नाक चाचपलं, हनुवटीवरचा व्रण चाचपला. मला वाटलं, झालं, जिंकले.

मग तिने माझे हात हातात घेतले. म्हणाली, "किती गार गं."

मी म्हटलं, आत्ताच धुतले. ती म्हणाली, "चालल्याचा आवाज नाही आला." मी म्हटलं, चपला हातात आहेत. मग ती फार मायेने बोलली. "मला ठाऊक होतं तू एकदा भेटायला येशील. बरं केलंस. दुखलं का फार?"

दादा, तिला मी भूत वाटले.

मी कुजबुजत म्हणतेय, आई, मी जिवंत आहे गं, खरंच जिवंत आहे. आणि ती माझे केस कुरवाळत म्हणतेय, "हो हो. सुरुवातीला कळत नाही म्हणे." माझी आई मला धीर देत होती! शेवटी मला राहवलं नाही. मोठ्याने ओरडले, "आई, मी मेले नाही!" हॉलमधून एका बाईने विचारलं, "कोण आहे गं आत?" वहिनी बिचारी गांगरली आणि म्हणाली, "कुणी नाही, मोबाईल वाजतोय." आई माझ्याकडे तोंड करून समजुतीने हसली. "बघ," म्हणाली.

हसावं का रडावं ते कळेना. इतकी वर्षं भुताच्या सिनेमात काम केलं, पण भुताचं काम मला कधी मिळालं नव्हतं. मिळालं ते आईच्या खोलीत.

मी तिला विचारलं, मी मेले असं तुला कुणी सांगितलं? तिने जे सांगितलं ते तसंच्या तसं लिहिते. "मी तुझ्या दादाला विचारलं, ठमी बरी आहे ना रे? तो काहीच बोलला नाही. त्याला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून. बरी असतीस तर हो म्हणाला असता. उठून गेला बिचारा. तेव्हाच मी समजले."

तुला आठवतंय का ते? आठवत असणार. नाव काढायचं नाही या हट्टापायी तू नुसता गप्प बसलास. कुऱ्हाडवाल्याला जे जमलं नाही ते तुझ्या गप्प बसण्याने झालं.

आणि सगळ्यात वाईट हे की ती आता शांत आहे. आधी मी वाचावं म्हणून प्रार्थना करायची, आता मला शांती मिळावी म्हणून करते. माझ्यासाठी जपून ठेवलेली निळी शाल तिने वहिनीला देऊन टाकली. मी निघताना ती म्हणाली, "जा आता. माझ्यात जीव अडकवू नकोस. मीही येतेच आहे." येतेच आहे म्हणजे काय, ते वहिनीला विचार. दोन दिवसांत तिने दोन चमचे पेजसुद्धा घेतलेली नाही.

मी मागच्या जिन्याने उतरले. बस थांब्यावर एक बाई म्हणाली, "अहो, चपला घाला ना पायात." तेव्हा कळलं, त्या अजून हातातच होत्या.

काय ते कर, दादा. लवकर कर.


१४ मार्च

दादा,

माझ्या पत्राला उत्तर म्हणून तू रविवारी मी म्हणायचं वाक्य चिठ्ठीवर लिहून वहिनीकडे दिलंस. वहिनीने रडत रडत फोनवर वाचून दाखवलं. "देवाला साक्ष ठेवून सांगते, मी आजवर केलं ते पाप होतं, आणि मला त्याची लाज वाटते." बरं लिहिलंयस. दोन ठिकाणी श्वास घ्यायला जागा आहे. एकाने लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडात घालायचं, हाच तर माझा धंदा. म्हणेन. येत्या रविवारी, सगळ्यांसमोर, न अडखळता म्हणेन.

तू जिंकलास असं समज. मला आता हरण्या-जिंकण्याची शुद्ध नाही. आईच्या पोटात चार घास जाणार असतील तर मी खोटारडी ठरायला तयार आहे.

पण मला वेगळंच काही वाटायला लागलं, असं स्वतःला समजावू नकोस. मला ते पाप वाटत नाही, रविवारीही वाटणार नाही. खोट्या मरणासाठी मी कधी देवाचं नाव घेतलं नाही. आता ते पहिल्यांदा खोटं घेणार आहे, तुझ्या हॉलमध्ये, तुझ्या माईकवर, मी जिवंत आहे हे आईला कळावं म्हणून. ज्याने मला ते नाव जपायला शिकवलं, तोच समोर बसून ऐकणार आहे. माझं देवाशी भांडण करून झालंय. काल मी त्याला सगळं सांगितलं, कुणी बोलायला लावलं तेही सांगितलं. तो माझं बघेल. तुझं तू बघ.

अजून वेळ आहे. तू ती चिठ्ठी मागे घेतलीस तर मी कुठे बोलणार नाही, तुझ्या लोकांत तुझा शब्द खाली पडू देणार नाही. नाही घेतलीस तरी येणार आहेच.

एक मात्र तुला ऐकावं लागेल, आणि इथे मी अर्ध्यावर भागवणार नाही. क्रम बदल. आधी आई, मग माईक. तुझ्या हॉलचा कर्णा तिच्या खिडकीखालीच आहे. माझा आवाज आधी त्यातून आला तर ती म्हणेल, पुन्हा मशीन लावलं. मग तुझं वाक्य फुकट, माझं खोटं फुकट.

म्हणून पुढच्या दाराने येईन. चपला पायात असतील, हात धुणार नाही. दार तू उघड, वहिनीला पाठवू नकोस. माझा दंड धर आणि मला तिच्यापर्यंत ने. मी काही बोलणार नाही, माझ्या आवाजावर तिचा आता विश्वास राहिलेला नाही. तिचा विश्वास तुझ्या आवाजावर आहे. तू गप्प बसलास तेव्हा तिने मला मेलेली धरलं. तू बोललास तरच ती मला जिवंत धरेल. तुला खोटं बोलता येत नाही ना? मग बोलायचं ते खरंच आहे.

देवाचं नाव हॉलमध्ये गेल्यावर घेऊ, तू म्हणशील तितक्या वेळा. आधी तिच्या दारात उभा राहून माझं नाव घे. मोठ्याने घे.

ठमी